पाय टेकतील एवढी

बरकतपुऱ्यात एका जिन्याखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल आहे मी. मित्रांनो, येणारे-जाणारे थबकतात आणि विचारतात, "ही इतकी बुटकी कशी?"

एकनाथरावांनी मला घरी आणलं तेव्हा मी चांगली उंच होते. ते शाळेत कारकून, सहा फुटी माणूस. बारा वर्षं त्यांनी मला रोज पुसलं. मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मी या जिन्याखाली आले.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी माझ्यावर बसली. ती कोठीतल्या एका दवाखान्यासाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायची. उंची चार फूट दहा इंच. पाय जमिनीला टेकेनात. तिसऱ्याच दिवशी सिग्नलवर ती मला घेऊन पडली. कोपर सोलवटलं. कुणीतरी ओरडलं, "अम्मा, स्कूटी लेलेव ना!" सगळे हसले.

घरी येऊन ती वडिलांना म्हणाली, "नाना, गाडीची उंची कमी करू या. गौलीगुड्यातले अंबाजी मेकॅनिक करतात."

"माझ्या गाडीला कापायचं नाही. हवं तर विकून टाक."

"मग तुम्हाला दवाखान्यात व्यायामाला कशावर नेऊ? रिक्षात चढताना दोनदा पडलात."

नानांनी चांगल्या हाताने काठी ओढून घेतली. मग म्हणाले, "मीही येतो. माझ्यासमोर कापू दे."

अंबाजींनी मागचे शॉकअप काढून आखूड बसवले, पुढचे दांडे वर सरकवले, सीटचा फोम कापला. साइड स्टँड मात्र तेवढाच राहिला, म्हणून मी उलट्या बाजूला कलंडले. नानांनी चांगला हात पुढे करून मला सावरलं.

"अंबाजी, स्टँडही छोटा करा की!" नाना म्हणाले.

मग भाग्यलक्ष्मी बसली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. नानांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पाच वर्षं आम्ही तिघं हिंडलो. ती नानांना ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायची. गतिरोधकावर माझं पोट घासायचं, तेव्हा नाना मागून म्हणायचे, "हळू, तिला लागतं."

गेल्या वर्षी नाना वारले. भाग्यलक्ष्मी मस्कतला नोकरीला गेली आणि किल्ली शेजारच्या सत्यवतीबाईंकडे देऊन गेली. मला विकत घ्यायला आलेले लोक बसून बघतात, त्यांचे गुडघे हँडलला लागतात. "ये तो बच्चोंकी गाडी है," म्हणतात आणि जातात.

परवा भाग्यलक्ष्मीचा फोन आला. "मावशी, जरा सुरू करा ना, आवाज ऐकते." सत्यवतीबाईंनी बटण दाबलं. बॅटरी कधीच मेली होती. बटणाचं नुसतं टक् झालं.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली.

मित्रांनो, गाडीला नुसतं झाकून ठेवू नका. आठवड्यातून एक चक्कर मारली तरी ती जगते. आणि पाय पुरत नाहीत म्हणून एखादी मुलगी रडवेली झालेली दिसली, तर हसू नका. तिला माझा पत्ता द्या.