एक लांब, दोन आखूड

हल्लीच्या ड्रायव्हरांना माणुसकी राहिलेली नाही, हे मी गेली दहा वर्षं डेपोच्या कॅन्टीनमध्ये बसून सगळ्यांना ऐकवत आलोय. पोरं वैतागायची. ‘झाले, घाईराव सुरू झाले’ म्हणत कानात ती बोंडं खुपसून बसायची. मी काही थांबायचो नाही. पण गेले बारा दिवस मी त्या टेबलाकडे फिरकलेलो नाही. का, ते सांगतो.

घाईराव हे नाव मला मास्तरने ठेवलं. तो काही शाळेतला मास्तर नव्हता, माझ्यासारखाच ट्रक ड्रायव्हर. पण तेव्हा आमच्यात धड लिहिता-वाचता येणारा तो एकटा. थांब्यावर गाड्या लागल्या, जेवणं उरकली, की चार-पाच जण घरून आलेले कागद घेऊन त्याच्यापुढे बसायचे. तो पत्र वाचून दाखवायचा, उत्तर लिहून द्यायचा, आणि लिहिताना स्वतःच्या पदरच्या चार ओळी घालायचा. ‘बायकोची नुसती तब्येत काय विचारतोस, बैला? तिच्याविना करमत नाही म्हणून सांग की!’ म्हणायचा आणि आपणच लिहून टाकायचा. त्यामुळे किती जणांचे संसार टिकले असतील कोण जाणे. मी मात्र कायम घासावर घास कोंबून उठणारा. तो हात धरून खाली बसवायचा. ‘घाईराव, रस्ता काय पळून चाललाय?’

आमच्या वाटेवर एक चढ होता. आहे अजून. पुरा माल भरलेली गाडी त्या चढावर एकदा उभी राहिली की पुन्हा उचलत नाही, उलट मागे घरंगळायला बघते. त्यामुळे तिथे कोणाची गाडी बंद पडली तर तुम्ही मदतीला म्हणून शेजारी थांबूच शकत नाही. थांबलात तर एकाच्या जागी दोन गाड्या अडकल्या. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत पाडली होती. ज्याची गाडी अडली त्याने चाकांखाली दगड लावायचे आणि वीसेक पावलं मागे रस्त्याच्या कडेला हिरवी फांदी तोडून टाकायची. जो शेजारून वर जाईल त्याने हॉर्न द्यायचा. एक लांब, दोन आखूड. त्याचा अर्थ असा, की बघितलं बाबा, वर सपाटीला गाडी लावतो आणि चालत खाली येतो.

अर्धा तास तरी लागायचा खाली यायला. उन्हातान्हात, हातात पान्हे आणि पाण्याचा डबा घेऊन. गाडी कोणाची, कुठली, हे कोणी विचारायचं नाही. आणि तो हॉर्न देऊन आला नाही, असा माणूस मी तरी पाहिला नाही. माल पोचायला उशीर झाला तर ‘चढावर एक जण अडला होता’ एवढं सांगितलं की मालकही गप्प बसायचा.

पंचवीस वर्षांपूर्वी माझीच गाडी तिथे बसली. ऐन चढावर एक्सल गेला. आमची ही दिवस भरून घरी बसलेली. मी चाकाला टेकून रडायचाच बाकी होतो. तेवढ्यात शेजारून एक गाडी कण्हत-कुंथत वर गेली आणि तिने हॉर्न दिला. काय सांगू तुम्हाला, जिवात जीव येतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं! अर्ध्या तासाने वळणावरून मास्तर येताना दिसला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, काखेत स्वतःचा जेवणाचा डबा. ‘तू घरी जा,’ म्हणाला. ‘गाडीपाशी मी बसतो.’ मागून आलेल्या तिसऱ्याच कोणाच्या तरी रिकाम्या गाडीत त्याने मला चढवून दिलं. दोन दिवस तो माझ्या गाडीची राखण करत तिथे बसून होता. त्याची स्वतःची भरलेली गाडी वर सपाटीला उभी. त्याच्या मालकाने त्याला उभा-आडवा झापला. मी घरी पोचलो आणि तासाभरात माझा मुलगा जन्मला.

हे सगळं मी कॅन्टीनमध्ये शंभर वेळा सांगितलंय. पोरांना पाठ झालंय.

मग दिवस बदलले. थांबा बंद पडला. आम्ही सगळे या ना त्या कंपनीत गेलो. आधी गाडी लांबून दिसली तरी तिच्या रंगावरून आत कोण बसलंय ते कळायचं. आता सगळ्याच पांढऱ्या, सगळ्यांच्या काचा वर. जो तो आपल्या केबिनमध्ये बसून जेवतो. माझी आणि मास्तरची सात-आठ वर्षांत गाठ नाही. फोन नंबर होता, पण आज करू, उद्या करू. आणि केबिनमध्ये एक डबी बसवलीय, तिच्यातून एक बाई बोलते. गोड आवाजात. ‘आपण ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं मागे आहात.’ लघवीला उतरलो तरी हिला कळतं. वेळ चुकली की नावापुढे लाल खूण. अशा तीन खुणा झाल्या की किल्ली परत घेतात. माझ्या दोन झाल्या होत्या. या वयात किल्ली गेली तर मला परत दारात कोण उभं करणार? घरी बसून मी भिंतीशी बोलू का?

तर बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, गाडी गच्च भरलेली, मी तो चढ चढत होतो. पहिल्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला हिरवी फांदी दिसली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. अरे वा, म्हटलं, अजून कोणीतरी फांदी ठेवतंय! हल्ली ते कंपनीचे लाल त्रिकोण ठेवतात. पुढे पांढरी गाडी उभी, चाकांखाली नीट दगड लावलेले. मागच्या चाकाच्या सावलीत कोणाचे तरी पाय पसरलेले दिसले. चेहरा काही दिसला नाही. पडलाय बिचारा आराम करत, असं वाटलं मला. आणि माझा हात आपोआप गेला. एक लांब, दोन आखूड. किती वर्षांनी तो हॉर्न दिला असेल! त्या आवाजाने माझी मलाच छाती फुगल्यासारखी झाली.

वर सपाटीला आलो. पाय ब्रेकवर ठेवला. गाडी हळू झाली. तशी ती बाई बोलली, ‘आपण ठरलेल्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं मागे आहात.’

मी जागा बघत होतो, देवाशप्पथ बघत होतो. पण मनात हिशेब सुरू झाला. खाली जायला अर्धा तास, वर यायला पाऊण. तिसरी खूण पक्की. आणि त्याच्याकडे फोन असेलच की. त्याच्या कंपनीची गाडी येईल. आपण जाऊन करणार काय, हल्लीच्या इंजिनात आपल्याला कळतं तरी काय? असं सगळं चार सेकंदांत स्वतःला समजावलं आणि पाय ब्रेकवरून काढला. माल वेळेवर पोचला. बाईने माझं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, मास्तर इस्पितळात आहे. मेंदूत रक्ताची गाठ, उजवी बाजू गेली. माझी ही आणि मी तसेच निघालो. त्याची गाडी कुठे होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा. मास्तर शेवटच्या खाटेवर, दाराकडे तोंड करून. त्याची मुलगी स्टुलावर बसलेली. मी तिला दोन वेण्यांत पाहिलं होतं, आता तिच्याच केसांत पांढरं दिसत होतं. ‘या काका,’ म्हणाली आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून सांगायला लागली.

चढावर त्याचा हात बधिर व्हायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तशाही अवस्थेत त्याने गाडी कडेला घेतली, दगड लावले, फांदी टाकली. जन्माची सवय. मग सावलीत बसला. थोड्या वेळाने एक मोटार थांबली. नवरा-बायको होते, भले लोक. बसा म्हणाले, दवाखान्यात पोचवतो.

‘बाबा नाही म्हणाले, काका,’ ती सांगत होती. ‘जीभ जड झाली होती, पण त्या लोकांना समजेल इतकं बोलत होते. म्हणाले, आमचा माणूस वर गेलाय, आत्ताच त्याने हॉर्न दिला. तो चालत येतोय. मी इथे दिसलो नाही तर तो घाबरेल. तुम्ही व्हा पुढे. ते म्हणाले, अहो, त्याला फोन करा. तर बाबा हसले म्हणे. म्हणाले, फोन कशाला, हॉर्न दिलाय की.’

मी खाटेचा गज धरला.

‘अडीच तासांनी तेच लोक परत येताना बघतात तर बाबा आडवे पडलेले. त्यांनीच उचलून आणलं. डॉक्टर म्हणतात, आधी आणलं असतं तर बोलणं तरी वाचलं असतं.’ मग तिने माझ्याकडे बघितलं. ‘काका, तुम्ही सगळ्या जुन्या लोकांना ओळखता. तो हॉर्न आता कोणाला येतो? कोण असेल तो? मला भांडायचं नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय.’

माझी बायको माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांचा संसार, तिच्यापासून काय लपणार? आदल्या दिवशी घरी गेल्या गेल्या मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं, आज चढावर फांदी दिसली, मी हॉर्न दिला. ती आता नुसती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

‘मास्तरला एक अक्षरही बोलता येत नाही का?’ मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचेना.

‘एकच शब्द राहिलाय,’ मुलगी म्हणाली. ‘पाणी हवं असलं तरी तोच, दुखलं तरी तोच. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी. शेवटी जे मनात असतं तेवढंच अडकून राहतं.’

तेवढ्यात मास्तर हलला. दाराकडे बघत, अर्ध्या तोंडाने, पण अगदी स्पष्ट म्हणाला, ‘येईल.’

मी शरमेने मेलो. काय तो आवाज! थांब्यावर कोणाचं पत्र आलं नाही की त्याची समजूत काढताना हाच आवाज असायचा.

‘पोरी,’ मी म्हणालो, ‘मीच तो. हॉर्न माझा होता.’

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर मी दुसरा गाल पुढे केला असता. पण ती स्टुलावरून उठली, माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि पाण्याचा जग उचलून बाहेर गेली. माझी ही तिच्या मागे गेली.

मी स्टुलावर बसलो. मास्तरचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. अजून तसाच खरबरीत होता. ‘मास्तर,’ मी म्हणालो, ‘मी आलोय रे. घाईराव. तेव्हा मी थांबलो नाही. मला किल्लीची भीती वाटली. पण आता आलोय बघ.’

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी रडतोय एवढं मात्र त्याला दिसलं असावं, कारण त्याने हात सोडवून घेतला आणि माझ्या मनगटावर थोपटलं, पूर्वी मला खाली बसवायचा तसं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे दाराकडे नजर लावली आणि मला धीर देत म्हणाला, ‘येईल.’