कंचनबाईंचं गाळणं

मित्रांनो, मी एक जुनं गाळणं आहे. निदान तसं समजतो. आता मी नेमकं काय उरलोय, याचा माझा मलाच उलगडा होत नाही.

कारंज्याच्या बाजारातून आणलेल्या जाड खादीतून कंचनबाईंनी मला फाडून घेतलं आणि दुहेरी घडी घालून माठाच्या तोंडावर बांधलं. जैनांच्या घरात गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पाण्यातले बारीक जीव माझ्यात अडकत. मग कंचनबाई मला उलटं खळबळून ते पाणी परत त्याच विहिरीत अलगद सोडत. एकही जीव मरू नये म्हणून एवढा खटाटोप. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

त्यांचा मुलगा देवेंद्रकुमार कापसाच्या व्यापारात होता. एकदा आजारी हमालाला घेऊन तो मंगरूळपीरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात गेला, आठ दिवस तिथेच राहिला आणि परतला तो निराळाच होऊन. १९७१ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मिशनमध्ये राहायला निघताना त्याने मला माठावरून सोडलं आणि पिशवीत कोंबलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

देवेंद्रला आता फादर व्हायचं होतं. पण नव्या ख्रिस्ती माणसाला नागपूरच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, लगेच घेत नाहीत. तीन वर्षं पारखायचं, मग मिशनच्या फादरांनी पत्र द्यायचं, असं ठरलं होतं. त्या पत्रासाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला. मिशनचे ते मूळचे वसईचे म्हातारे फादर अधूनमधून विचारत, "जुनं सगळं सुटलं ना?" तो म्हणे, "सुटलं, फादर." आणि खोलीची कडी लावून माझ्यातून पाणी गाळून पिई. मी त्याचं पुण्य की पाप, मला काही कळेना.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी मिस्साची, म्हणजे देवळातल्या उपासनेची, तयारी त्याच्याकडे होती. द्राक्षारसाची बाटली हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. आंबवलेल्या रसात जिवांची गणतीच नसते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. शेवटी त्याने तो रस माझ्यातून गाळला. माझ्या अंगाला तांबडा डाग पडला तो पडलाच. शिवाय गाळून राहिलेले जीव आता सोडायचे कुठल्या विहिरीत? मला हातात धरून तो बावचळल्यासारखा उभा, आणि दारात फादर.

"हे काय आहे?"

थाप मारणं त्याला जमलं नाही. "गाळणं हाय, फादर. रोज गाळतो. तुमच्यासंग खोटं बोललो."

"मग मी पत्र कसं देऊ?" असं म्हणून फादर वेदीकडे गेले.

त्याच आठवड्यात कंचनबाई एसटीने आल्या, मुलाला घरी न्यायला. ऊन रणरणत होतं. स्वयंपाकीण चंदाबाईने तांब्याभर पाणी आणलं, पण त्यांनी हात लावला नाही. देवेंद्र मला घेऊन आला. त्यांनी मला ओळखलं.

"हे लाल कायचं व्हय?"

"दारूच म्हण. मी गाळली."

"दारू कोणी गाळते काय रे?" त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. माझ्या कोऱ्या टोकातून पाणी गाळून त्या पोटभर प्यायल्या.

फादर व्हरांड्यातून बघत होते. "देवेंद्र, तुला नक्की हवंय तरी काय?"

"फादर व्हायचं हाय. पन पानी गाळल्याबिगर घशाखाली उतरत नाही. दोन्ही कसं जमन, मले समजून नाही राह्यलं."

"असंच लिहितो पत्रात," फादर म्हणाले. "पुढे सेमिनरीवाले त्यांचं ते बघतील."

आता मुलगा परत येत नाही, हे कंचनबाईंना उमगलं. त्यांनी मला उचललं आणि टर्रकन मधोमध फाडलं. कोरा तुकडा त्याच्या हातात दिला.

"नागपूरचं पानी कसं असते, काय मालूम. गाळून पेत जाय."

डागाचा तुकडा त्यांनी कमरेला खोचला आणि एसटी धरली. नागपूरहून होकार आला, असं पुढे ऐकलं.

मित्रांनो, तो डागाचा तुकडा म्हणजे मी. ज्या घरात दारूचा थेंब चालत नाही, त्या घरात पेटीतल्या ठेवणीच्या लुगड्यांखाली मी पडून आहे. कंचनबाई मला कधीमधी उन्हात घालतात, पण धूत मात्र नाहीत. मी गाळणं आहे, चिंधी आहे की दुसरंच काही, देव जाणे. तुमच्या घरात असं काही फाटकं सापडलं, तर त्याचं पोतेरं करण्याआधी आईला एकदा विचारा.