तेरा अडलेल्या पुंगळ्या

बंदुकीचा बोल्ट पुन्हा अडला. आयडाने दांडा खाली रेटून पाहिला; तो अर्ध्यावर येऊन थांबला तो थांबलाच.

"अडला ना?" खिडकीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, आर्विडने विचारलं. "आवाजावरून कळतंय."

"अडला."

"म्हणजे काडतुसाच्या पुंगळीची मान नीट दाबली गेली नाही. चल, पुन्हा."

दुपारपासूनची ही चौथी खेप. गुरुवार होता, आणि शनिवारी उजाडताच डोंगरातल्या रानमेंढ्यांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. तेवीस वर्षं आर्विड ब्रेकेने शिकार-परवान्याच्या सोडतीत नाव घातलं होतं, तेवीस वर्षं ते निघालं नव्हतं, यंदा निघालं. परवाना त्याच्याच नावाचा, दुसऱ्या कुणाला देण्याची सोय नाही. गावातल्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, जो भेटेल तो अभिनंदनाला त्याचा हात हलवून जाई. आयडा हसून आभार मानी आणि घरी येऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुई.

कारण उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं करायचं काम चाळीस वर्षांत त्याने कुणाला करू दिलं नव्हतं, आणि यंदा म्हणाला, "खांदा भरून आलाय, तू कर, मी सांगतो." खांद्याला काही झालेलं नव्हतं. वसंतात डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजरेच्या मधोमधचं दिसणं कमी होत जाईल. आर्विड म्हणाला, त्यांची यंत्रंच जुनी आहेत. मागच्या आठवड्यात त्याने कॉफी कपाशेजारी ओतली आणि "टेबल हललं" म्हणाला.

तसल्या डोळ्यांनी तो कड्यांवर बंदूक घेऊन जाणार. आणि खालच्या घळीत दुसरं कुणी माणूस असलं तर? रोज पहाटे एक स्तोत्र वाचल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. गेले तीन दिवस एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तरी ती डोक्यात शिरत नव्हती. जाऊ नकोस असं त्याला सांगायचं तिनेच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जीभ उचलत नव्हती.

"मानेच्या आत ग्रॅफाइटची पूड लावलीस?" आर्विड म्हणाला. "कोरडी राहिली की साच्यातला गोळा बाहेर येताना करकरतो आणि मानेखालचा पुंगळीचा खांदाच वर ओढून नेतो."

"लावली. करकरत नाही आता."

"मान दाबायचा साचा, डाय, सैल झाला असेल."

"तोही पाहिला. आर्विड, सगळ्या नाही अडत. सात अगदी लोण्यासारख्या बसतात. तेरा अडतात."

"हात एकसारखा चालत नाही तुझा. पावाचं पीठ मळतेस तसं करतेस."

"माझ्या पावाला चाळीस वर्षं नावं ठेवली नाहीस, आज कुठे आठवलं?"

तो हसला, पण पाय मात्र जमिनीवर टकटक वाजवत राहिला. तिचंही तसंच होतं. खुर्चीत बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. शेवटी तिने तिच्या वडिलांची युक्ती काढली. मेणबत्ती पेटवली, अडणाऱ्यांतली एक रिकामी पुंगळी ज्योतीवर फिरवून काजळीने काळी केली, बंदुकीत घातली, बोल्ट जाईल तितका रेटला आणि बाहेर काढली.

मानेवरची काजळी जशीच्या तशी होती. पुसली गेली होती ती खांद्यावर आणि अंगावर.

आयडा ती हातात धरून उभी राहिली. मानेची चूक नव्हतीच. बार उडाला की पुंगळी फुगून त्या बंदुकीच्या मापाची होते. म्हणून तर आर्विड नेहमी नुसती मान दाबून तीच पुन्हा भरायचा, सबंध अंग दाबायच्या फंदात पडायचा नाही. ही पुंगळी फुगली होती दुसऱ्याच बंदुकीत. तिने तळ उजेडात धरला. कडेला बारीक ओरखडा, धारेवर उठलेला. अडलेल्या तेराही पुंगळ्यांवर तो होता, बसलेल्या सातांवर नव्हता. असा ओरखडा आर्विडचा भाऊ हॅल्वर याची बंदूक काढते. त्यावरून दोघे भाऊ किती वर्षं एकमेकांना चिडवत आलेले. ऑगस्टमध्ये दोघांनी शेजारी शेजारी नेम धरून सराव केला होता. नंतर पुंगळ्या वेचल्या होत्या आर्विडने. दुसऱ्याची पुंगळी आपल्या डब्यात पडू न देणारा माणूस तो.

"काय झालं?" तो म्हणाला. "गप्प का झालीस?"

माझ्या हातून बिघडलं, असं म्हणता आलं असतं. सात होत्या की चांगल्या. शिकारीला सातांतली एक पुरे.

ती त्याच्याजवळ गेली आणि दोन पुंगळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "धारेवरून नख फिरव."

त्याने एक चाचपली. मग दुसरी. दुसऱ्या पुंगळीवर नख अडकलं. तो परत पहिलीकडे गेला, परत दुसरीकडे. पाय वाजायचा थांबला.

"हॅल्वरची," तो म्हणाला.

"तेरा आहेत."

"तेरा." त्याने दोन्ही पुंगळ्या मुठीत धरल्या. "त्या दिवशी मी एकेक डोळ्यापाशी धरून पाहिली होती, आयडा. एकेक. खात्रीने टाकली होती डब्यात."

"मला माहीत आहे."

"इतक्या जवळून हे दिसलं नाही, तर समोरच्या कड्यावरचा..." तो थांबला. मग एकदम चिडून म्हणाला, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कॉफी सांडलीस त्याच्या आधीपासून."

"आणि बोलली नाहीस! देवाला सांगत बसलीस फक्त."

"हो," ती म्हणाली. "त्यालाच सांगितलं. चुकलंच माझं."

तो उठला, टेबलाच्या कडेला हात लावत काडतुसं भरायच्या प्रेसपर्यंत आला. बंदूक उचलली, बोल्ट काढून खिशात घातला आणि बंदूक तिच्या हातात दिली. "कपाटात ठेव. ठरल्याप्रमाणे मी वर जाईन हॅल्वरबरोबर, तंबूत राहीन, चूल पेटवीन. ही नेणार नाही."

"आणि परवाना?"

"परवान्याला काय, कागद आहे." त्याने खिशातला बोल्ट चाचपला. "तू फोन लाव हॅल्वरला. माझ्याच्याने बोलवणार नाही. चौकशा करायला लागला तर सांग खांदा दुखतो."

"खांदा नाही सांगणार मी, आर्विड."

आयडाने बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि फोन उचलला. पलीकडे घंटा वाजू लागली तेव्हा आर्विडने हात पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला. "मीच सांगतो."