खिडकीच्या गजाला बांधलेली ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी सायकलची ट्यूब आहे. माझ्यात आता हवा राहत नाही, आणि राहावी असा कुणाचा हट्टही नाही. दुपारी घर शांत झालं की मागचे दिवस आठवतात. तुम्ही जवळ बसलाच आहात, म्हणून सांगते.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी काळीभोर, तुकतुकीत होते. अंगाला पांढरी पावडर लावून मला खोक्यात निजवलं होतं. पुढे एका बेकरीवाल्याच्या सायकलीच्या मागच्या चाकात माझी नेमणूक झाली. पहाटेपासून पावांच्या टोपल्यांचा भार माझ्यावर असे. टायरच्या आत नुसता अंधार, पण रस्ता अंगाला कळायचा. गरम पावांचा वास आतपर्यंत कसा पोचायचा ते देव जाणे, पण पोचायचा खरा. खिळे लागले, काचा घुसल्या. पंक्चर काढणारा मेकॅनिक मला पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा आणि म्हणायचा, "रबर बघा कसं आहे! असा माल आता येत नाही." ते ऐकून मी आणखी फुगायचे.

मग एके दिवशी माझा व्हॉल्व मुळापासून उखडला. तिथे ठिगळ बसत नाही. मेकॅनिकने मला दुकानातल्या खिळ्यावर इतर मेलेल्या ट्यूबांबरोबर लटकवलं. आता पट्ट्या कापून कुणाच्या तरी कॅरिअरला बांधतील, असं मी धरून चालले होते.

पण मेकॅनिकचे दाजी, म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, घरं रंगवायचे. शिडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, झोळी निघाली, पण हात खांद्याच्या वर जाईना. रंगाऱ्याचा हात वर गेला नाही तर छत कोण रंगवणार? दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "रोज रबर ओढा. ताकद आली की रबर थोडं आखूड करा. घाई नको आणि खाडाही नको." मेकॅनिकने मला खाली काढलं, साबणाने धुतलं, व्हॉल्वची जागा कापून टाकली आणि ताईच्या घरी नेलं.

रंगारी मला बघून म्हणाले, "आता ही ओढत बसू? लोक म्हणतील, रंगाऱ्याचं सायकलीचं दुकान झालं."

"म्हणू द्या दाजी," मेकॅनिक हसला. "हिने आयुष्यभर पाव वाहिलेत. तुम्ही काही त्याहून जड नाही."

खिडकीच्या खालच्या गजाला मला बांधलं. माझ्या जोडीला रंगाचे दोन रिकामे डबे होते. त्यांत थोडं थोडं पाणी भरून ते उचलायचे. रोलरची काठी दोन्ही हातांनी धरून वर न्यायची. भिंतीला तळवे टेकून जोर काढायचे. "आजवर भिंती रंगवल्या, आता ढकलायची वेळ आली," असं रंगारी म्हणायचे. खोली एवढीशी, पण रोज सकाळी तिथे आखाड्यासारखी धाप ऐकू यायची.

एका हाताने गाठ बसत नाही, म्हणून मला बांधायचं काम त्यांच्या बायकोकडे आलं. ती नेमाची बाई होती. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाणीही घ्यायची नाही. प्रार्थना आटोपली की ती मला बांधायची आणि शेजारी बसून राहायची. पहिल्या दिवसांत रंगारी ओठ चावून मला ओढायचे. डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. ते तोंड फिरवायचे, पण तिला दिसायचंच.

"अगं, आज बोटभर आखूड बांध," एका सकाळी ते म्हणाले.

तिने मान हलवली. आणि मित्रांनो, तिने मला आखूड नाही, बोटभर सैल बांधलं.

रंगाऱ्यांनी ओढलं. मी लगेच ताणले गेले. "बघ! आखूड करूनसुद्धा सोपं जातंय!" त्यांचा चेहरा इतका उजळला की दुसऱ्या वेळीही तिला राहवलं नाही. मग तेच सुरू झालं. ते म्हणायचे आखूड, ती करायची सैल. घरात पुन्हा हसणं आलं. माझ्या अंगाला सगळं कळत होतं, पण रबराला बोलता कुठे येतं?

महिन्याभरात रंगाऱ्यांनी ठेकेदाराला निरोप पाठवला, की मी तयार आहे. ठेकेदाराने एका मोठ्या दिवाणखान्याचं छत दिलं. सकाळी टोपी घालून गेलेला माणूस दुपारीच परत आला. छताला दोन पट्टे मारले आणि हात खाली पडला. रोलर सुटला तो शेजारच्या तयार भिंतीवर ओघळ काढत गेला. ठेकेदार ओरडला नाही. "पुढे बघू," एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं.

"शिडी विकून टाकू," रंगारी म्हणाले. "सगळं करून बघितलं. एवढं आखूड रबर ओढतो, तरी रोलर पेलत नाही. म्हणजे हाताचं काम संपलं."

ती दारात उभी होती. आत आली, मला गजावरून सोडलं आणि मांडीवर घेऊन बसली.

"अहो, हात नाही संपला. मी गाठ सैल करत होते."

"काय?"

"रोज. तुम्ही आखूड म्हणायचात, मी सैल करायचे. तुमचं कण्हणं ऐकवत नव्हतं हो. देवापुढे बसून उठायचे आणि तुमच्याशी खोटं वागायचे."

आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण रंगाऱ्यांनी आधी आपल्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी ओढलंच नाही अजून?"

"नाही."

"मग संपलं कसं? अजून सुरूच कुठे झालंय!" ते एकदम उठले. "बांध. खरी बांध. आणि रडायचं असेल तर इथेच बसून रड, आत जायचं नाही."

तिने डोळे पुसले आणि मला खरोखर आखूड बांधलं. त्या दिवशी मी अर्ध्यावरच थांबले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. त्या वेळी रंगारी तिच्यावर चिडलेही. "सैल होती तेव्हाच बरं होतं," असं एकदा बोलून गेले आणि मग स्वतःच ओशाळले. ती शेजारी बसून राहिली, पण गाठीला हात लावला नाही. ऋतू पालटला तेव्हा रबर कपाळापर्यंत येऊ लागलं, आणि त्यानंतर डोक्याच्या वर.

ठेकेदाराकडे जाण्याआधी त्यांनी आपल्याच खोलीचं छत रंगवलं. सगळं एका दमात नाही. थांबत, खांदा चोळत, पण शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. ती खाली शिडी धरून उभी होती. तेव्हा पडलेला पांढरा थेंब अजून माझ्या अंगावर आहे.

पुढे त्यांना कामं मिळत गेली आणि माझा विसर पडला. मी उन्हात गजाला तशीच लोंबत राहिले. उन्हाने रबराला भेगा पडतात, तशा मलाही पडल्या. एकदा तिनेच मला सोडवलं, पावडर लावली आणि कपाटात ठेवलं. आता मला कुणी ओढू नये. भेगा पडलेलं रबर तुटून तोंडावर बसतं, म्हणून व्यायामाआधी ते नीट तपासून घ्या आणि झाल्यावर सावलीत ठेवा.

आणि एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही कुणीतरी दात आवळून पुन्हा उभं राहत असेल. त्याचे कष्ट बघवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी त्याच्या नकळत त्याची गाठ सैल करू नका. शेजारी बसा.