लढाईचे नियम, बाबांसाठी

उत्कर्षा मंगळवारी बेंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती. मुलगी बाहेरगावी गेली की फोनवर बापाच्या वाट्याला 'जेवलीस का' एवढंच येतं, मग फोन आईकडे जातो. सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात असे बाप मी पुष्कळ पाहिलेत. तिचा रविवारचा खेळ मात्र व्हिडिओवर चालूच राहणार होता, चांगला दोन-अडीच तास. ती निघण्याआधीच्या रविवारी पोरं आमच्याच घरी खेळायला जमली, तेव्हा त्यात शिरायचं, असं मी ठरवलं.

खेळ सोपा आहे, असं सगळे म्हणत होते. प्रत्येकाने मनाने एक माणूस रचायचा, तो काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. खेळवणारा ताबीश, उत्कर्षाचा कॉलेजातला मित्र. सोबत त्याची बहीण समरा.

"काका, एक लढाई खेळू," ताबीश म्हणाला. "तुमचा माणूस जगला तर तुम्ही पक्के भिडू. मेला तर मग बघू."

'मग बघू'चा अर्थ ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला विचारावा लागत नाही.

जंगलात दरोडेखोर आडवे आले. ताबीश समजावू लागला, "आपल्या पाळीला एकच काम करायचं. मारायचं असलं तर हा वीस बाजूंचा फासा टाका. त्याच्या चिलखताचा आकडा बारा. बारा किंवा वर पडलं तर वार लागला. किती लागला ते ह्या छोट्या फाशावर. तेवढा त्याचा जीव कमी."

"आणि मी मारत असताना तो काय करतो?"

"थांबतो की."

"का?"

"त्याची पाळी नसती, काका."

सोलापुरात लाल सिग्नलला न थांबणारा माणूस उगारलेल्या तलवारीपुढे थांबतो, हे पचायला मला थोडा वेळ लागला.

समराचा बाण लागला. उत्कर्षाने एकाला आडवा केला. मी फासा टाकला, चौदा पडले.

"चौदाने जीव कमी!" मी म्हणालो.

"नाही बाबा, चौदा म्हणजे नुसता लागला. किती, ते छोट्यावर."

छोट्यावर एक पडला.

"मग चौदा गेले कुठं?"

आतून माझी बायको रुक्मिणी ओरडली, "अहो, पोरांचा वेळ नका खाऊ! मारा की एकदाचं!"

पुढच्या पाळीला दरोडेखोर अगदी समोर उभा. अनोळखी माणसावर असा एकदम हात टाकणं मला जमेना.

"कुठले तुम्ही?" मी त्याला विचारलं.

ताबीश गडबडला. पण दरोडेखोराच्या वतीने उत्तर त्यालाच द्यायचं होतं. आवाज जाड करून म्हणाला, "नातेपुत्याचा हाय."

"नातेपुत्यात कुणाचे? बाजारपेठेत आमच्या साडूंचं दुकान आहे."

"बाबा!"

"अगं, ओळख निघाली तर मिटेल की."

"ओळख निघाली, काका," ताबीश हळूच म्हणाला. "पण बोलण्यात तुमची पाळी गेली. आता त्याची."

ताबीशने त्याच्या वतीने फासा टाकला, सतरा पडले. छोट्यावर सहा. माझा जीव पाचच होता.

"साडूंना ओळखत असूनही?"

"त्याला पण नियम हायत, काका."

समराने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. उत्कर्षा ताबीशकडे बघत म्हणाली, "बाबा कच्चा लिंबू. चालेल?"

कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. कच्चा लिंबू धावतो, ओरडतो, पण त्याला पकडलं तरी तो बाद होत नाही आणि त्याने पकडलं तरी कुणी बाद होत नाही. उत्कर्षा चार वर्षांची असताना कॉलनीतल्या मोठ्या पोरांच्या गळ्यात मीच तिला अशी बांधून आलो होतो.

"चालतंय की!" ताबीशचा चेहरा उजळला. "काका, आता तुम्ही मरतच नाही. दर रविवारी या. उत्कर्षा लिंक पाठवील."

म्हणजे मला हवं ते मिळालं होतं.

लढाई पुढे सुरू झाली. माझी पाळी आली तेव्हा मान म्हणून असेल, फासा माझ्या हातात दिला गेला. मी टाकला. वीस पडले. वीस पडले की चिलखत बघायचं नाही, वार लागलाच, आणि छोटा फासा दोनदा टाकायचा. एव्हाना मला हे कळलं होतं. सगळंच कळलं होतं. मी छोट्या फाशाकडे हात नेला.

"लई भारी, काका!" ताबीश म्हणाला आणि त्याने दोन्ही फासे उचलून समराकडे दिले.

उत्कर्षाने टाळ्या वाजवल्या.