देवाच्या तांदळाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मिझोरामच्या डोंगरातल्या एका गावात, रोकिमीच्या चुलीशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. गावातल्या कारागिराने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवले. झाकण जरा वाकडेच बसले, पण रोकिमीच्या आईने मला कौतुकाने लेकीच्या लग्नात दिले.

माझे काम एकच. भातासाठी तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ आधी माझ्यात पडायची. ती देवाची मूठ. शनिवारी चर्चच्या दारात बायका घरोघरून आलेले तांदूळ एका पोत्यात गोळा करत आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याला पोहोचवत.

तेव्हा रोकिमीच्या घरातही तांदूळ बेताचेच असायचे. नवरा चिडवायचा, "अगं, केवढी ही मूठ! देव जेवेल, मी काय खाऊ?"

"माझी बोलणी खा," असे म्हणून ती अजून चार दाणे टाकायची. दोघे पोट धरून हसायचे. मित्रांनो, त्या दिवसांत मी अर्धा रिकामा असूनही मला फार भरल्यासारखे वाटे.

पुढे आल्याच्या व्यापारात घराला बरकत आली. बारीक, सुवासिक तांदळाची पोती येऊ लागली आणि रोकिमी मूठ विसरू लागली. शनिवार उजाडला की ती घाईघाईने मला उचलायची आणि डुकरांसाठी ठेवलेल्या किडक्या तांदळात बुडवायची. "पोत्यात सगळं मिसळतंच, कोण बघतंय!" असे पुटपुटायची. माझ्या पोटात पोरकिडे वळवळत. चर्चच्या वाटेवर लोक म्हणत, "रोकिमीचा डबा बघा, कसा काठोकाठ!" त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

अशाच एका शनिवारी चर्चच्या दारात महिला मंडळाच्या प्रमुख थनसियामी यांनी तिला थांबवले. "आज पोत्यात ओतू नकोस. पी वानछिंगी पडल्यात, कंबर हलत नाही त्यांची. आपण पाळीपाळीने रांधून घालू या. आज तू जा. तांदूळ आहेतच तुझ्या हातात."

रोकिमीचा चेहरा उतरला. पण सगळे बघत होते, म्हणून ती मला घेऊन म्हातारीच्या घरी निघाली.

वानछिंगी ही गावातली एकटी राहणारी म्हातारी. सारे तिला आदराने 'पी', म्हणजे आजी म्हणत. तिने पडल्यापडल्याच हात पुढे केला. "आण गं तो डबा इकडे. आधी देवाची मूठ काढू दे."

तिने झाकण उघडले. तांदूळ तळहातावर घेऊन बोटाने एकेक किडा बाजूला करू लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. तेच मला सोसवेना.

रोकिमीने तिचा हात धरला. "पी, ते नका घेऊ. देवाला असलं नको."

म्हातारीने वर पाहिले. "देवाला नको? मग मला चालेल होय?"

ती हसत होती. पण रोकिमीला हसू आले नाही. तिची मान जी खाली गेली, ती वर होईना. मग पदरासारखी पांघरलेली शाल तोंडाला लावून ती रडली.

"रडतेस कशाला? बांबूला फुलं आली, उंदीर माजले नि पिकं फस्त झाली, त्या दुष्काळात आम्ही रानातली मुळं खाल्लीत," म्हातारी म्हणाली. "पण खरं सांगू? ती देणारा माझ्याशेजारी बसून खायचा."

रोकिमी उठली. भर दुपारी, सगळ्या गावादेखत, मला उकळत्या पाण्याने धुऊन घरच्या सुवासिक तांदळाने भरून परत आली. भात रांधला. आणि दोघी एकाच ताटात जेवल्या.

आता रोज मूठ पडते. कधी हसतमुखाने, कधी नवऱ्याशी भांडण झाले असेल तर आदळआपट करत! पण ज्या पोत्यातले घरचे खातात, त्यातलीच. तरीही शनिवारी कुणी माझे कौतुक केले की आजही मला लाज वाटते.

मित्रांनो, थोडे द्या, पण आपल्या ताटातले द्या. घेणाऱ्याशेजारी बसून तुम्हालाही ज्याचा घास घेता येईल, तेच द्या.