न बदललेली पट्टी

या, असे जवळ सरका, मध्ये जागा सोडू नका. एका बहिणीच्या रक्ताची कथा सांगतो. देवाने ती केव्हाच ऐकलीय, आता तुम्ही ऐका.

एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्तपेढी होती. तिथल्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणत. एका दुपारी एक ताई धापा टाकत आली. धाकट्या भावाचं, बारक्याचं, ऑपरेशन चालू होतं आणि त्याच्या गटाचं रक्त संपलं होतं.

"माझं घ्या काका, हवं तेवढं घ्या!"

पेढीचा एक नियम होता. रक्ताच्या नात्यातलं रक्त असेल, तर पिशवी आधी पाच मिनिटं किरणांच्या यंत्रात ठेवायची. किरण लागले की पिशवीवरची पिवळी पट्टी लाल होते. यंत्र पलीकडच्या इमारतीत. वरून फोनवर फोन. तपासण्या उरकून काका पिशवी घेऊन तिकडे निघाले, तशी ताई आडवी आली.

"आता आणखी कुठे?"

"किरण द्यायचे राहिलेत."

"अहो, सख्खी बहीण मी! माझं उष्टं खाऊन वाढलाय तो. माझ्या रक्ताला कसली शिस्त लावताय?"

काकांना हसू आलं. हसत हसतच ते यंत्राऐवजी वर ऑपरेशनच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याकडे वळले. पट्टी पिवळीच राहिली.

बारक्या शुद्धीवर आला. ताईला म्हणाला, "गेली ना तुझी कटकट माझ्या अंगात!" दहाव्या दिवशी ताप चढला. तळहात लाल झाले, कातडी सुटू लागली, जुलाब थांबेनात. तेविसाव्या दिवशी तो गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दिलेल्या रक्ताची फार दुर्मीळ प्रतिक्रिया."

मग दर चार महिन्यांनी ताई रक्त द्यायला येऊ लागली. तीच खुर्ची, तोच हात, तोच प्रश्न. "काका, माझं रक्त चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे, ताई."

काका देवापुढे डोळे मिटत, तर मिटल्या डोळ्यांपुढे पिवळी पट्टी उभी.

सहाव्या खेपेला ती म्हणाली, "तुम्ही मन राखता माझं. मीच मारलं त्याला. माझ्या पोरीला जवळ घ्यायलासुद्धा भीती वाटते हो."

काकांनी सुई खाली ठेवली.

"ताई, रक्त इतकं जवळचं होतं की त्याच्या शरीराने ते आपलंच मानलं, अडवलं नाही. तुमच्या पेशींना मात्र तो परका वाटला, त्या त्याच्यावरच उठल्या. किरणांनी त्या थंडावल्या असत्या. पिशवी यंत्रात घातली नाही ती मी. तुम्ही नाही."

ताईने हात मागे घेतला.

"दोन वर्षं माझ्या हातात सुई टोचत होतात, आणि गप्प?"

"गप्प. उद्या साहेबांना लिहून देतोय सगळं."

"द्याच. आधी ही पिशवी भरा. मग त्या इमारतीत चला, मी येते."

यंत्रासमोर दोघं पाच मिनिटं उभी राहिली. पिशवी बाहेर आली. पट्टी लाल. ताईने तिच्यावर बोट ठेवलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

ती घरी गेली आणि झोपलेल्या पोरीला उचलून तिने छातीशी धरलं.

तुमच्या माणसाला कधी तुमचं रक्त द्यायची वेळ आली, तर मायेच्या घाईत त्या पट्टीकडे बघायला विसरू नका. आणि बघाल तेव्हा बारक्याची आठवण काढा.